तुळशीला बांधलेला रेडिओ

"वायर खिडकीतून बाहेर काढायची, गच्चीवर उंच बांधायची आणि तिथंच थांबायचं. त्याच्यापुढं बाबांना डोकं चालवू देऊ नकोस, आई."

शेखरनं, म्हणजे माझ्या मुलानं, पुण्याहून फोनवर सांगितलेलं हे वाक्य मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. मी त्याला "बरं" म्हटलं होतं. पण माझं "बरं" समोर उभ्या माणसालाही नीट ऐकू येत नाही, ते पुण्याला काय पोचणार?

आमच्या ह्यांना मात्र सगळं ऐकू गेलं, कारण फोन स्पीकरवर होता.

"डोकं चालवू देऊ नको म्हनते," महादेवराव हसले. "उभा जन्म पिठाची चक्की चालवली मी. मशीन म्हंजे मशीन. पट्टा बसला का फिरते. हे तं नुसतं रेडिओचं डबडं हाय. सोमवारी संध्याकाळी सारी गल्ली ऐकन, पाहत राह्य."

सारी गल्ली ऐकेल, हे त्यांचं बोलणं खरं झालं. बाकीचं सांगते.

चक्कीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे आमचे हे ओरडून बोलतात. सासूबाईंना कमी ऐकू येतं. आणि माझा आवाज असा. त्यामुळे आमच्या घरात सरासरीनं पाहिलं तर आवाज बरोबर असतो.

तर हे सगळं झालं वांग्यांपायी. सुलतानपूरला आमच्या घरापासून चार पावलांवर भाजीचा एक तुकडा आहे, त्यातली वांगी सासूबाईंची. सोजराबाईंची वांगी म्हटल्यावर लोणारच्या बाजारात माणसं पिशवीचं तोंड उघडं धरूनच येतात. आषाढात एक दिवस आकाशवाणीची गाडी आली, एक गोड मुलगी उतरली आणि तिनं सासूबाईंपुढं माईक धरला. वांग्याला कीड लागू नये म्हणून काय करता, एवढंच तिला विचारायचं होतं. सासूबाई चहा निवून त्यावर साय येईपर्यंत बोलत होत्या, असं म्हणतात. आम्ही दोघंही तेव्हा घरात नव्हतो. त्यामुळे त्या काय बोलल्या हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि आठवड्याभरात त्या स्वतःही विसरल्या.

"मी कशी बोल्ली ते मले ऐकाचं हाय," हे मात्र रोज चालू. "ते पोरगी म्हने, लय छान बोल्ल्या आजी. पन ते तं सगळ्याईलेच म्हनत असन. माह्या कानानं ऐकन तवाच खरं."

कार्यक्रम लागणार होता सोमवारी संध्याकाळी, आणि एकदाच. मोबाइलवर ऐकवायचं म्हटलं तर सासूबाईंच्या कानाला मोबाइल म्हणजे लांबवर फिरणारा डास. शिवाय आमच्याकडं नेट फक्त मागच्या शेवग्याच्या झाडाखाली येतं, तेही मनात आलं तर. म्हणून शेखरनं त्याचा मोठा रिसिव्हर पाठवला होता, दोन स्पीकरसकट. स्लॅबच्या घरात त्याला स्टेशन पकडेना, म्हणून बाहेरून एरियल लावायचं ठरलं.

आता माझं थोडं. चातुर्मासात माझे काही नेम असतात. कांदा-लसूण नाही. वांगं नाही. यावरून सासूबाई चार महिने मला विचारतात, "माह्या वांग्यानं तुह्यं काय घोडं मारलं वं?" सकाळ-संध्याकाळ तुळशीला पाणी घालून ओलेत्यानं प्रदक्षिणा. आणि सोमवारी पहाटेपासून चांदणी दिसेपर्यंत मौन. ह्यांना माझे बाकीचे नेम लक्षात राहत नाहीत. सोमवार बरोबर राहतो.

ह्यांनी दोन बांबू आणले. एक मोडला तर दुसरा असावा म्हणून. सोमवारी सकाळी गच्चीवर बांबू उभा केला, त्याच्या टोकाला तांब्याची तार, ती खाली खिडकीतून रिसिव्हरच्या पाठीत खोचली, आणि बटण फिरवलं. चक्कीत खडा गेल्यावर होते तशी खरखर सुरू झाली. हे बटण फिरवत गेले, खरखर नुसती जाड-बारीक होत गेली.

हे मोबाइल घेऊन शेवग्याखाली जाऊन बसले. बऱ्याच वेळानं चेहरा उजळून परत आले.

"अर्थिंग पायजे म्हनते. दुसरी तार काढाची, आन् ओल्या मातीत पुराची." मग घरभर नजर फिरवली. "या घरात सगळ्यात ओली माती कुठली हाय?"

आणि माझ्याकडं बघितलं.

मला त्यांच्या मनातलं कळलं. मी दोन्ही हात जोरजोरात हलवले, मान हलवली, कानाला हात लावले.

"हे पाह्य," ते खुश झाले, "तुलेही पटलं."

सोमवारी माझ्या सगळ्या खुणांचा अर्थ होकारच असतो, असा ह्यांचा समज आहे.

त्यांनी तार तुळशीच्या मातीत पुरली. शेखर म्हणाला होता तिथं थांबायची वेळ तर कधीच टळली होती, पण इथं तरी थांबावं ना? तार उरली होती. ती वाया का घालवायची, म्हणून वरचं प्लास्टिक सोलून वृंदावनाच्या काठाला गुंडाळली. एकावर एक, पाण्याच्या मोटरीत तांब्याचं वेटोळं असतं तशी. "जितकी जास्त तितकं चांगलं," म्हणाले. आत जाऊन बटण फिरवलं. खरखर होती तशीच. वृंदावन सिमेंटचं, खाली फरशी, त्यातल्या ओल्या मातीचा जमिनीशी काही संबंधच नाही, हे आम्हाला शेखरनं नंतर समजावलं. तेव्हा ह्यांना वाटलं, तार मुरायला वेळ लागत असेल. लोणच्यासारखी.

संध्याकाळ झाली. सासूबाईंनी डोक्यावरून आंघोळ केली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या आणि खाट ओढून थेट स्पीकरपाशी घ्यायला लावली. तिच्यावर आडव्या होऊन डोळे मिटले.

"सुरू झालं का उठवजा. तवर मी कोनाशी बोलत नाही. घसा बसन."

रेडिओवर बोलणं आधीच होऊन गेलंय, आता घसा बसला तरी चालेल, हे त्यांना सांगावंसं वाटलं. पण सोमवार.

मी अंगावर पाणी घेतलं, तांब्या भरला आणि तुळशीपाशी गेले. दिवा लावला. पाणी घातलं. काठाला हात टेकवून पहिलं पाऊल टाकलं, आणि घरातून एवढ्या मोठ्यानं आवाज आला की समोरच्या भिंतीवरची मांजर पलीकडं पडली.

"सोयाबीन, आवक सर्वसाधारण."

मी दचकून हात काढला. खरखर. परत टेकवला.

"तूर, किमान."

हे धावत बाहेर आले. मी हात काढून दाखवला, लावून दाखवला. त्यांनी स्वतः लावून बघितला. काहीच नाही. त्यांच्या पायात रबरी चपला होत्या आणि मी अंगणाच्या मातीत ओल्या पायांनी अनवाणी, म्हणजे तारेचा जमिनीशी संबंध माझ्यातून जुळत होता, हा फरक ह्यांच्या लक्षात आला नाही.

"तुह्यातच काहीतरी हाय," ते हळू आवाजात म्हणाले. हळू म्हणजे त्यांच्या मानानं. "इतक्या वर्साचे नेम. पुण्य कुठी तरी साचतच असन ना. आता हात काढू नको. मी आत बटन पाहतो."

एका जागी नुसती हात लावून उभी राहिले असते तरी चाललं असतं, हे मलाही कळतं. पण तुळशीपुढं माणूस एक तर प्रदक्षिणा घालतो, नाही तर हात जोडतो. हात जोडले की तार सुटते. म्हणून मी फिरत राहिले, उजवा हात काठावर ठेवून. पहिल्या वेळी मनात नामस्मरण होतं. नंतर कापसाचे भाव होते. तसंच फिरत राहिले.

समोरच्या अन्नपूर्णाबाई विहिरीवरून येत होत्या. त्या कुंपणाशी थांबल्या. नेहमीच्या माझ्या प्रदक्षिणा त्यांना पाठ आहेत. त्या संपल्या तरी मी थांबेना, हे त्यांनी पाहिलं. तेवढ्यात माझा हात जरा सुटला आणि हे खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "सोडू नको वं. मायसाठी एवढं कर. तुह्या पाया पडतो."

कोणत्याही बाईला नवऱ्याचं असं बोलणं ऐकून धडकी भरेल.

"वहिनी," अन्नपूर्णाबाईंनी हंडा खाली ठेवला, "काय झालं वं? सोजरामावशी बऱ्या हायेत ना?"

मी फिरता फिरता तोंडावर बोट ठेवलं, म्हणजे आज मौन. मग बोटानं वर आभाळ दाखवलं, म्हणजे चांदणी दिसली की बोलते. गेल्या सोमवारी हीच खूण कोपऱ्यावरच्या दुकानदाराला केली होती. त्याला बरोबर कळली होती.

अन्नपूर्णाबाईंनी खिडकीतून आत डोकावलं. खाटेवर नव्या लुगड्यात, धुतल्या केसांनी, डोळे मिटून सासूबाई. परत माझ्याकडं बघितलं. माझ्या केसांतून पाणी गळत होतं. त्यांनी मला विचारलं, "वर?"

मी हो म्हणून मान हलवली.

अन्नपूर्णाबाईंनी कपाळाला हात लावला. हंडा तिथंच टाकून गेल्या. चांगल्या स्वभावाच्या आहेत, पण बातमी पोटात राहत नाही. मी वळसा घालून परत कुंपणाकडं तोंड करते तर गल्लीच्या तोंडाशी चार बायका, पुढच्या वळशाला आठ.

एकीनं गंगाजळाची कुपी आणली होती. दुसरी तुळशीचं पान खुडू लागली, तिचा हात तारेला लागला. ती अनवाणी होती, अंगण ओलं होतं. भाव आणखी खणखणीत झाले. मग काय, मी मावशींसाठीच फिरतेय असं समजून अन्नपूर्णाबाईंनी चपला काढल्या आणि माझ्या मागं काठाला हात लावून फिरायला सुरुवात केली. त्यांच्यामागं बाकीच्या. कोणी काही बोलत नव्हतं, कारण मी बोलत नव्हते. आवाज इतका स्वच्छ झाला की आतून हे ओरडले, "असंच राहू दे. देवा, असंच राहू दे."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

अन्नपूर्णाबाईंचे यजमान मोतीराम आले. पुरुषमाणूस, आल्या आल्या कामाचं बघणार. त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या दुसऱ्या बांबूवर गेली. ते हळूच ह्यांच्याजवळ खिडकीशी गेले.

"महादेवराव, बांबू आनून ठेवला वाटते."

"सकाळीच," हे अभिमानानं म्हणाले. "दोन आनले होते. टायमावर कुठी पळते मानूस?"

मोतीरामांनी ह्यांच्याकडं एकदा पाहिलं. बांबू हातानं चाचपला, मग बाजूला जाऊन शेखरला फोन लावला आणि दोन शब्द बोलून फोन माझ्या कानाला धरला.

"आई? आई, बोल ना. मोतीरामकाका म्हणतात ते खरं आहे का?"

मी मोतीरामांकडं बघून, आभाळाकडं बघून, फोनकडं बघून हात हलवला. फोनला हात हललेला दिसत नाही, हे मला माहीत आहे. पण सवय.

"बरं. कळलं," शेखरचा आवाज चिरला. "निघतो मी. बाबांना सांभाळ."

आणि नेमकी तेव्हाच आत कार्यक्रमाची धून वाजली.

"सुरू झालं," हे ओरडले. मी काठ घट्ट धरला. पण शेखरचं बोलणं अन्नपूर्णाबाईंनीही ऐकलं होतं. त्यांनी मागून मला मिठी मारली.

"बस कर माय. किती फिरशीन? येऊ दे रडू."

आणि मला ओढून बाजूला घेतलं. बाकीच्याही हात सोडून माझ्याभोवती जमल्या. खरखर.

मी तुळशीकडं झेप घेतली. दोघींनी मला धरलं. "येडी झाली दुःखानं," एक म्हणाली. मी हातानं तार दाखवली, कान दाखवले, घर दाखवलं. त्यांनी मला पाणी पाजलं. आत सासूबाईंचा कार्यक्रम खरखरीत बुडून चालला होता, महिनाभर वाट पाहिलेला, एकदाच लागणारा. आणि तो वाचवायला मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. चांदणी दिसते का म्हणून मी वर बघितलं. आभाळ गच्च भरलेलं. माझं वर बघणं पाहून दोघीतिघी हुंदके द्यायला लागल्या.

हे बाहेर आले, दोन्ही हात डोक्यावर, आणि पायरीवर मटकन बसले.

मग मात्र सगळ्याच बायकांनी सूर धरला. तो असा होता की सासूबाईंच्या कानांनाही पोचला.

त्या दारात आल्या. हिरवं लुगडं, मोकळे केस, डोळ्यांवर झोप. अंगणभर माणसं बघितली.

"कोन मेलं वं?"

शेवटी अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "मावशी, तुमी."

"मी?" सासूबाई विचारात पडल्या. "मले कोनी सांगतलं नाही."

एवढं म्हणून त्या खाली उतरल्या, कारण मला दोघींनी धरलेलं त्यांना आवडलं नव्हतं. "सोडा तिले," म्हणाल्या. पायरीवरून उतरताना तोल सावरायला त्यांनी तुळशीचा काठ धरला. अनवाणी, नुकत्याच न्हालेल्या.

"तं राख टाका म्हनते मी," घरातून खणखणीत आवाज आला. "चुलीची राख. पहाटं पानावर दव असते तवा."

सगळ्यांनी सासूबाईंकडं बघितलं. त्यांचं तोंड मिटलेलं होतं. एक बाई चपला न घालताच निघून गेली.

सासूबाईंनी कान टवकारले. आवाज इतका मोठा होता की त्यांना सगळं लख्ख ऐकू येत होतं. "कोन हाय हे बाई?" त्या म्हणाल्या. "लय बडबड करते." थोडं ऐकून, "पन बरोबर बोलून राह्यली. राख टाकाच लागते."

"आई," हे पायरीवरून उठले, "तूच हाय ते."

"मी कशी असन? मी तं इथी हाय."

आतला आवाज पुढं गेला. "आमची सून चार महिने वांगं खात नाही. पाप लागते म्हनते. आता वांग्यानं काय पाप केलं, सांग बरं? बाकी सून सोन्यासारखी हाय, पन बोलते का नाही बोलत तेच समजत नाही."

अख्ख्या गल्लीनं माझ्याकडं बघितलं. मी ओल्या पदरानं तोंड पुसलं.

सासूबाईंचा चेहरा हळूहळू बदलला. काठावरचा हात त्यांनी आणखी घट्ट केला, का कोण जाणे. "अवं, हे तं मीच," त्या म्हणाल्या. मग अगदी बारीक आवाजात, जवळजवळ माझ्यासारख्या, "चांगली बोल्ली का वं मी?"

मी मान हलवली. या वेळी तिचा अर्थ बरोबर लागला.

"आजी," रेडिओतली मुलगी म्हणाली, "ऐकणाऱ्या शेतकरी बायकांना जाता जाता काय सांगाल?"

"सांगाचं काय त्याच्यात? ज्याले माह्यं वांगं लावाचं हाय त्यानं सुलतानपूरले यावं. सोजराबाईचं घर कोनीही दाखवते. रोपं मी देते, हातानं काढून. पैसा नको. हे माही जबान समजा."

मुलीनं आभार मानले. धून वाजली.

अन्नपूर्णाबाईंनी डोळे पुसले, नाक पुसलं. "मावशी," त्या म्हणाल्या, "मंग सकाळी येऊ का? एक वाफाभर पुरतीन मले."

"मलेही," मागून कोणीतरी म्हणालं. गंगाजळवाल्या बाईनं कुपी कमरेला खोचली आणि पुढची जागा धरली.

"आई," हे कासावीस झाले, "असं कसं बोल्ली तू? एवढे रोपं हायेत कुठी आपल्याजवळ?"

"त्या पोरीनं तोंडापुढं माईक धरला," सासूबाई म्हणाल्या. "तिथी कंजूसपना करू?"

मोतीराम अजून बांबूपाशीच होते. "महादेवराव, मंग याचं आता काम नाही ना? दोडक्याच्या मांडवाले नेऊ का?"

त्या रात्री चांदणी दिसलीच नाही. शेखरला फोन करा, असं मी ह्यांना खुणेनं तीनतीनदा सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, दूध तापवून ठेवलं हाय."

पहाटे उठले तरी आभाळ तसंच. आता बोलावं का नाही, हा प्रश्न होता. सूर्यही एक चांदणीच आहे, असं शेखरच्या शाळेच्या पुस्तकात होतं. तो काही ढगातून दिसत नव्हता, पण असणारच, म्हणून मी नेम सोडला. कोणाशी काय बोलावं, हे मात्र सुचेना.

तेवढ्यात दाराची कडी वाजली. सासूबाई बाहेर निघाल्या होत्या. हातात खुरपं, खांद्यावर ओलं पोतं. चहासुद्धा घेतला नव्हता.

"आत्याबाई, चहा तरी घेऊन जा," मी म्हटलं. दिवसभर न वापरलेला आवाज, तो तुळशीपर्यंतही गेला नाही.

फाटकात शेखर उभा होता. रात्रभर बसमध्ये बसून डोळे लाल झालेले, पाठीला बॅग. आजीला बघून त्यानं खाली वाकून तिचे पाय धरले आणि धरूनच राहिला.

"रडतं काऊन बे?" सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात फिरवला. "मेली नाही मी. रेडिओवर आल्ती. हे पोतं धर, लोकं यायच्या आधी रोपं काढून ठेवाचे हायेत."

त्यानं पोतं घेतलं. दोघं भाजीच्या तुकड्याकडं चालू लागले, आजी पुढं, तो डोळे पुसत मागं. कार्यक्रम अख्ख्या जिल्ह्यात ऐकू गेला होता, आणि आमच्याकडं रोपं होती जेमतेम दोन वाफे. हे मी त्यांना मागून सांगितलंसुद्धा. पण माझ्या आवाजात.